पिरायस ते दुब्रोव्हनिक : सात जणांच्या कुटुंबासाठी सात बंदरांचे नियोजन

पुण्यातील एका कुटुंबाने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ४८ प्रवाशांच्या एका लहान जहाजावर सात रात्रींचे आरक्षण केले होते, आणि पैसे भरून झाल्यावर, कोणत्या बंदरावर काय पाहायचे हे ठरवून घेण्यासाठी ते माझ्याकडे आले. जहाज अथेन्सच्या पिरायस बंदरातून निघून कॉरिंथच्या कालव्यातून पश्चिमेला जाणार होते. पुढे इतेआ, इथाका बेटावरचे वाथी, कॉर्फू, अल्बानियातील सारांदा, माँटेनेग्रोतील कोटोर आणि क्रोएशियातील कॉर्चुला असे थांबे घेत दुब्रोव्हनिकला प्रवास संपणार होता. मंडळी सात : ७९ वर्षांचे आजोबा, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या ७६ वर्षांच्या आजी, मुलगा, सून, मुलगी, २२ वर्षांची नात आणि ११ वर्षांचा नातू. सूनबाईंनी जहाजाच्या माहितीपुस्तिकेत सशुल्क सहलींपैकी नऊ सहलींवर खुणा करून आणल्या होत्या. त्या नऊपैकी सात मी काढून टाकल्या. हे का केले आणि प्रत्यक्षात काय घडले, याची ही नोंद आहे.

मोठ्या क्रूझ जहाजाच्या प्रवासात सहली विकत घेण्याला बऱ्याचदा कारण असते. हजारो प्रवाशांचे जहाज गावापासून दूरच्या धक्क्याला लागते किंवा खाडीत नांगर टाकून उभे राहते, आणि किनाऱ्यावर पोहोचण्यातच सकाळ निम्मी सरते. लहान जहाजाचे तसे नसते. ते गावाच्या दारात लागते. शिडी उतरली की समोर चौक, चहाकॉफीची दुकाने आणि देऊळ असते. म्हणून प्रत्येक बंदरासाठी मी आधी एवढेच पाहते, की जे पाहायचे आहे ते शिडीपासून किती लांब आहे आणि कुटुंबातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला तिथे पोहोचायला किती वेळ लागेल. दर्शनीय स्थळ दूर असेल तर जहाजाची सहल घ्यावी, कारण तिची बस उशिरा आली तरी जहाज थांबते. आपण स्वतः केलेली टॅक्सी अडकली तर जहाजाला थांबण्याचे बंधन नसते. स्थळ पायाखालीच असेल तर पैसे भरून स्वतःला वेळापत्रकाला बांधून घेण्यात काही अर्थ नाही.

याच्या जोडीला तासांचा हिशेब येतो. पुस्तिकेत ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असे छापलेले असते, तो जहाजाचा मुक्काम असतो. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळून शिडी मोकळी होईपर्यंत अर्धा तास जातो आणि सुटण्यापूर्वी अर्धा तास सर्वांनी जहाजावर परतलेले असावे लागते. जेवणाचा दीड तास आणि आजीआजोबांच्या विश्रांतीचे दोन तास वजा केले, की नऊ तासांच्या मुक्कामातून हाताशी साडेचार तासच उरतात. सूनबाईंच्या खुणांमध्ये सारांदाच्या एकाच दिवशी बुट्रिंटचे प्राचीन अवशेष आणि ‘निळा डोळा’ म्हणून ओळखला जाणारा झरा अशा दोन सहली होत्या. दोन्ही ठिकाणे सारांदापासून साधारण वीस-बावीस किलोमीटरवर, पण वेगवेगळ्या दिशांना आहेत. कागदावर त्या बसत होत्या. आजींच्या गुडघ्यांना त्या बसणाऱ्या नव्हत्या.

बंदरांच्या आधी मात्र व्हिसाचा प्रश्न सोडवावा लागला, आणि त्याकडे माझे पहिल्या वाचनात नीट लक्ष गेले नव्हते हे इथे नमूद केले पाहिजे. प्रवास ग्रीसमध्ये सुरू होऊन क्रोएशियात संपतो आणि क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंजेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे एका प्रवेशाचा शेंजेन व्हिसा पुरेल असे मी सुरुवातीला धरून चालले होते. परंतु मधले अल्बानिया आणि माँटेनेग्रो हे दोन्ही देश शेंजेनबाहेर आहेत. कॉर्फू सोडले की प्रवासी शेंजेनमधून बाहेर पडतात आणि कोटोरहून क्रोएशियात येताना पुन्हा आत शिरतात. म्हणजे एका प्रवेशाच्या व्हिसावर हे कुटुंब शेवटच्या टप्प्यात अडकले असते. अधिक दिवस ग्रीसमध्ये जाणार असल्याने अर्ज ग्रीसकडेच करायचा होता, पण त्यासोबत जहाजाचा संपूर्ण मार्ग बंदरांसह जोडून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागितला. तसा व्हिसा हातात असला आणि तो ग्रीसमध्ये शिरताना वापरला गेला, की अल्बानिया आणि माँटेनेग्रोत भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, हा नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासून घेतला. विम्याचेही असेच झाले. शेंजेनसाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, म्हणून अनेक जण फक्त शेंजेनपुरती पॉलिसी काढतात. तसे केले असते तर ७९ वर्षांचा माणूस दोन दिवस विम्याविना राहिला असता. पॉलिसी दोन्ही देशांची नावे पाहून घेतली.

पहिला अनुभव बंदराचा नव्हता, कालव्याचा होता, आणि वेळापत्रक बिघडले तेही तिथेच. कॉरिंथचा कालवा १८९३ मध्ये खुला झाला, लांबी ६.३ किलोमीटर आणि पाण्याच्या पातळीला रुंदी अवघी २४.६ मीटर. त्याआधी अडीच हजार वर्षे माणसे या चिंचोळ्या पट्टीवर काहीतरी उपाय शोधत होती : इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास कॉरिंथचा राज्यकर्ता पेरिआंडर याच्या काळात जहाजे ओढून नेण्यासाठी फरसबंद रस्ता केला गेला, आणि इसवी सन ६७ मध्ये सम्राट नीरोने खोदकाम सुरू करवले पण ते अर्धवट राहिले. आमचे जहाज बारा मीटर रुंद होते, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर पाणी आणि त्यावर उभे कापलेले पिवळसर खडक. डेकवरून हात लांब केला तर भिंतीतल्या भेगेत उगवलेले झुडूप हाती लागेल असे नातवाला वाटत होते. मोठी क्रूझ जहाजे इथून जाऊच शकत नाहीत, त्यामुळे हा तासभराचा प्रवास हेच लहान जहाज निवडण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्या वेळी सगळ्यांनी डेकवर असावे, नाश्ता नंतर करावा, हे मी आराखड्यात ठळक लिहिले होते.

कालव्यात वाहतूक एका वेळी एकाच दिशेने चालते. समोरून येणारी जहाजे सुटेपर्यंत आम्हाला थांबावे लागले आणि इतेआला जहाज सकाळऐवजी दुपारी सव्वा वाजता लागले. याची शक्यता मी धरली होती, कारण २०२१ च्या सुरुवातीला दरडी कोसळून कालवा बंद पडला होता आणि नंतर दुरुस्तीच्या कामांमुळे तो काही हंगामांतच खुला राहिला; अशा वाटेने जाणाऱ्या जहाजाच्या पुढच्या बंदरात वेळेची ओढाताण होणार हे उघड होते. म्हणून इतेआहून जिथे जायचे होते त्या देल्फीच्या प्राचीन अवशेषांसाठी दोन क्रम लिहून ठेवले होते. जहाज सकाळी पोहोचले तर उन्हाआधी अवशेष आणि मग संग्रहालय. दुपारी पोहोचले तर आधी संग्रहालय आणि ऊन उतरल्यावर अवशेष. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ग्रीसमधील मोठी पुरातत्त्व स्थळे उन्हाळ्यापेक्षा लवकर बंद होऊ लागतात, त्यामुळे पावणेतीनला संग्रहालयात शिरलेल्या कुटुंबाला अवशेषांसाठी दोन-अडीच तास मिळतील, असा अंदाज होता आणि तेवढेच मिळाले.

देल्फी इतेआपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, पण त्या अंतरात रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. खाली ऑलिव्हच्या झाडांचे सलग मैदान, वर पार्नासस पर्वताचा कडा आणि मध्ये उतारावर वसलेले अपोलोचे देवस्थान. इथली पवित्र वाट चढणीची आहे आणि तिचे दगड पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत. आजींनी अथेन्सवासीयांच्या कोशागारापर्यंतच चढावे आणि तिथे सावलीत बसावे, आजोबांनी मंदिराच्या स्तंभांपर्यंत जावे आणि वरच्या नाट्यगृहाचे व त्याहून वर असलेल्या क्रीडांगणाचे दर्शन फक्त तरुणांनी घ्यावे, असे प्रत्येकाचे टोक आधीच ठरवले होते. असे टोक न ठरवता गेलेली कुटुंबे वाटेत थांबून ‘तुम्ही जा, आम्ही येतो’ असा वाद घालतात आणि शेवटी सगळेच अर्ध्यावरून परततात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. संग्रहालय आधी झाल्याचा एक फायदाही झाला. तिथला ब्राँझचा सारथी इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला आहे, उंची साधारण माणसाएवढी. त्याच्या डोळ्यांतली जडवलेली बुबुळे आणि तांब्याच्या बारीक पापण्या अजून शाबूत आहेत. आजी त्या पापण्या पाहत इतका वेळ उभ्या राहिल्या, की अवशेषांवर जायला उशीर होतोय हे कुणी त्यांना सांगितले नाही.

वाथीचा दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. इथाकाच्या खोल, घोड्याच्या नालासारख्या खाडीत जहाज उभे राहते. १९५३ च्या भूकंपात पडलेले गाव पुन्हा बांधलेले आहे. देल्फीच्या चढणीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये बसवले तर तिसऱ्या दिवशी म्हातारी माणसे खोलीतून बाहेर पडत नाहीत. नातू जहाजाच्या मागच्या फळीवरून दिवसभर पाण्यात उड्या मारत होता.

कॉर्फूला मी अकिलिऑन राजवाडा आणि ऑलिव्ह तेलाच्या गावाची सहल अशा दोन्ही खुणा काढल्या, आणि त्यावरून सूनबाई थोड्या नाराज झाल्या होत्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने बांधवलेला तो राजवाडा गावापासून दहा किलोमीटरवर आहे, तर जुने कॉर्फू स्वतःच युनेस्कोच्या यादीत २००७ पासून आहे. चार शतके व्हेनिसची सत्ता असलेल्या या गावातल्या उंच घरांच्या गल्ल्यांमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे, सेंट स्पिरिडॉनच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांची रांग, आणि स्पियानादा नावाचे विस्तीर्ण मैदान. या मैदानाच्या कडेला लिस्टनच्या कमानींखाली आजीआजोबांनी सकाळभर बसावे असे लिहिले होते, आणि त्यामागे एक खास कारण होते : १८१५ ते १८६४ या काळात बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असताना, १८२३ मध्ये, इथे क्रिकेट सुरू झाले आणि ते अजून खेळले जाते. त्या दिवशी सामना नव्हता, पण दोन मुले बॅट घेऊन आली होती. पुण्यातल्या क्लबकडून चाळीस वर्षे खेळलेले आजोबा कॉफीचा कप तसाच ठेवून उठले आणि ग्रीक येत नसताना त्यांनी एका मुलाची पकड सुधारून दिली.

जेवणाचे नियोजन बाहेरून वाटते तेवढे अवघड गेले नाही. आजीआजोबा शाकाहारी. ग्रीसमध्ये मोठ्या वालासारख्या दाण्यांची टोमॅटोतली भाजी, पिवळ्या डाळीची फावा, पालकाचे थर भरलेली पेस्ट्री आणि भाताने भरलेले टोमॅटो-मिरच्या यांवर दोन वेळा निभावते. अल्बानियात पालकाचे ब्युरेक मिळते. मांस किंवा माशाच्या रश्शात शिजवले आहे का, एवढे विचारण्यासाठी दोन वाक्ये ग्रीक लिपीत कागदावर लिहून दिली होती.

सारांदाला घड्याळाची गफलत होणार हे मला ठाऊक होते. कॉर्फू आणि अल्बानियाचा किनारा यांच्यामधली सामुद्रधुनी उत्तरेकडे काही किलोमीटरच रुंद आहे, आणि अल्बानियाची वेळ ग्रीसपेक्षा एक तास मागे आहे. कॉर्फूच्या ईशान्य किनाऱ्यावरही मोबाइल कधी कधी पलीकडचे नेटवर्क पकडतो आणि न विचारता घड्याळ बदलतो. आमच्या जहाजाने त्या दिवशी ग्रीसचीच वेळ ठेवली होती, म्हणजे नातीच्या मोबाइलमध्ये दोन वाजले असताना जहाजावर तीन वाजलेले होते आणि साडेतीनला सर्वांनी परतायचे होते. ती गावात खरेदीला रेंगाळली होती. मी सर्वांना सांगितले होते, की मोबाइलवर विसंबू नका, मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. ते फक्त आजोबांनी पाळले, त्यांच्या किल्लीच्या एचएमटीवर. मोबाइलच्या डेटा पॅकमध्ये अल्बानिया नसल्याने नातीला फोनही लागेना. शेवटी मुलगा शोधत गेला आणि दोघे शिडी उचलायच्या दहा मिनिटे आधी पोहोचले. पुढच्या आराखड्यात ही सूचना मी खोलीच्या दारावर चिकटवायच्या कागदावर, मोठ्या अक्षरांत देणार आहे.

बुट्रिंटची सहल मात्र योग्य ठरली. रोमन काळात बुथ्रोटम म्हणून ओळखले जाणारे हे गाव १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नाट्यगृह, मंदिर, बाप्तिस्म्याचे वर्तुळाकार दालन आणि व्हेनिसकालीन बुरूज हे सगळे एका झाडीने भरलेल्या भूशिरावर, पाण्याच्या कडेला आहे. देल्फीच्या उलट वाट बहुतांशी सपाट आणि सावलीची, त्यामुळे आजी शेवटपर्यंत चालल्या. बाप्तिस्म्याच्या दालनाची नक्षीदार फरशी जपण्यासाठी बहुतेक वेळ वाळूखाली झाकलेली असते. हे मी आधीच सांगून ठेवले होते, कारण पुस्तिकेतले रंगीत छायाचित्र पाहून गेलेला माणूस तिथे वाळू पाहून हिरमुसतो.

कोटोरचे नियोजन करताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. बोका हे आखात समुद्रातून आत वळत जाते. वेरिगे इथे डोंगर इतके जवळ येतात की पाणी तीनशे-साडेतीनशे मीटरच उरते. कोटोरची भेट प्रत्यक्षात तिथूनच सुरू होते, म्हणून पहाटे साडेसहाला डेकवर या, असा निरोप होता. जहाज थेट तटबंदीसमोर लागले. त्या दिवशी साडेनऊला एक मोठे जहाज येणार हे बंदराच्या वेळापत्रकात दिसत होते. तटावरच्या सुमारे १,३५० पायऱ्या चढून सेंट जॉनच्या किल्ल्यापर्यंत, म्हणजे समुद्रापासून २६० मीटरवर, जाणाऱ्या तिघांनी शिडी मोकळी होताच निघावे, आणि बाकीच्यांनी गर्दी गावात शिरण्याआधी टॅक्सीने बारा किलोमीटरवरच्या पेरास्टला जावे असे ठरले. सूनबाईंच्या खुणेत लोव्हचेन पर्वताच्या पंचवीस वळणांच्या घाटाची सहल होती. आजींना घाटात गाडी लागते हे त्यांच्याच तोंडून कळल्यावर ती आपोआप गळाली.

पेरास्टच्या समोर दोन लहान बेटे आहेत. त्यांतले एक माणसांनी दगड टाकून टाकून तयार केले आहे. १४५२ मध्ये एका खडकावर मेरीमातेचे चित्र सापडले अशी कथा आहे, आणि दर वर्षी २२ जुलैला संध्याकाळी गावकरी होड्यांची रांग करून अजूनही तिथे दगड टाकतात. टॅक्सी उभी राहते तिथून होडी दहा पावलांवर. अडचण होती ती फक्त धक्क्यावरून होडीत पाऊल टाकण्याची, कारण होडी लाटेबरोबर वर-खाली होते आणि नवा गुडघा झटकन वाकत नाही. नावाड्याने आजींना घाई केली नाही. होडी वर येताच आजींनी धक्क्याच्या उंचीवर पाय टाकावा म्हणून तो तीन लाटा मोजत थांबला आणि चौथ्या लाटेला कोपराला हात देऊन त्यांना आत घेतले.

कॉर्चुलाला वाऱ्याने अडवले. या गावाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या मांडलेल्या आहेत : पश्चिमेकडच्या सरळ, जेणेकरून उन्हाळ्यातला थंड माएस्ट्राल वारा आत यावा, आणि पूर्वेकडच्या किंचित वाकवलेल्या, जेणेकरून हिवाळ्यातला बुरा घुसू नये. आम्हाला आडवा आला तो तिसराच, आग्नेयेचा जुगो. कप्तानाने सकाळी दहापर्यंत वाट पाहिली, प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान टेंडर बोटी पाण्यात सोडणे धोक्याचे आहे असे सांगितले आणि जहाज म्ल्येत बेटाच्या पोलाचे खाडीत आडोशाला नेले. कॉर्चुलाच्या वाइन चाखण्याच्या सहलीचे पैसे आम्ही भरलेलेच नव्हते, त्यामुळे परताव्यासाठी कुणाशी हुज्जत घालावी लागली नाही. इतर प्रवाशांपैकी काहींची दुपार त्यातच गेली. पोलाचेत रोमन राजवाड्याच्या उंच भिंती पाण्याला लागून उभ्या आहेत आणि गावचा रस्ता त्यांच्या मधूनच जातो. या बदली बंदराचा एक परिच्छेद मी आराखड्यात घातला होता. तो पुरेसा नव्हता. राष्ट्रीय उद्यानातल्या खाऱ्या तळ्यांपर्यंत कसे जायचे हे मी लिहायला हवे होते, आणि ते न लिहिल्याने तरुण मंडळींचे दोन तास चौकशीत गेले.

दुब्रोव्हनिकला प्रवाशांना सकाळी उतरवतात. त्याच दिवशी परतीचे विमान घेण्याचा कुटुंबाचा विचार मी बदलायला लावला होता आणि गावात दोन रात्री ठेवल्या होत्या. जहाज ग्रूझ बंदरात लागते, तिथून जुन्या शहराचे पिले दार अडीच-तीन किलोमीटरवर आहे. शहराने २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेबरोबर दिवसाला दोन जहाजे आणि एका वेळी ४,००० प्रवासी अशी मर्यादा ठरवली, तरी दुपारी मुख्य रस्ता भरलेलाच असतो. तटबंदीची १,९४० मीटरची फेरी पाच जणांनी दुसऱ्या दिवशी दार उघडताच सुरू केली.

आजीआजोबा तेवढा वेळ सेंट ब्लेझच्या चर्चमध्ये होते. हा संत दुब्रोव्हनिकचा रक्षणकर्ता. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी इथेही त्याच्याच नावाचे साव ब्राझ चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात तिथे आलेल्या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध सांगितला जातो. आजींचे माहेर फोंड्याचे, त्यामुळे हे चर्च त्यांना पाहायचेच होते. वेदीवर संताची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आहे आणि तिच्या हातात १६६७ च्या भूकंपाआधीच्या शहराची छोटी प्रतिकृती आहे. आजोबांनी चष्मा पुसून त्या तळहाताएवढ्या शहराचा तट शोधून काढला आणि आपली मंडळी आता त्याच्या कोणत्या बाजूला पोहोचली असतील ते आजींना बोटाने दाखवले.